सुती जाळ्याचा तुकडा

धागा ओळखायचा असेल तर तो जाळून बघावा लागतो. डिझाइनच्या कॉलेजात पहिल्या वर्षी पहिल्याच आठवड्यात आम्हाला हे शिकवलं होतं. सूत जळताना कागद जळल्याचा वास येतो आणि बोटांत चुरगळेल अशी मऊ राख राहते. रेशमाला आणि लोकरीला करपलेल्या केसांचा वास येतो. नायलॉन धड जळत नाही. ते वितळतं, आकसतं आणि चिमट्याच्या टोकाशी कडक मणी होऊन बसतं. भर दुपारी तीस मुली पुढ्यात मेणबत्त्या लावून, डोळे मिटून, नाकपुड्या फेंदारून बसलेल्या बघून शिपाईकाका दारातच थबकले होते. "लाइट तर आहे," असं म्हणत त्यांनी बटण दाबून खात्री करून घेतली आणि ते निघून गेले.

गेल्या महिन्यात खारदांड्याला गेले तेव्हा वाटेत मला ती दुपार आठवत होती. अठरा वर्षांनी मी त्या गल्लीत शिरत होते. घरं उंच झालीत, दारांवर चकचकीत लाद्या आल्यात, पण वास मात्र जिथल्या तिथे आहेत. वाळत घातलेले बोंबील, ओलं लाकूड, डिझेल आणि मध्येच कुठल्यातरी खिडकीतून येणारा तळणीचा वास. हर्षला माझी कॉलेजातली मैत्रीण. तिचे बाबा वारल्याचं मला मैत्रिणींच्या ग्रुपवर कळलं, तेही बारावं होऊन गेल्यावर. त्यांना मी काका म्हणायचे. भेटायला जायला हवं, जायला हवं म्हणत दोन महिने काढले.

कामं होती, असं सांगता आलं असतं. पण कामं कुणाला नसतात? खरं म्हणजे मला धीर होत नव्हता. काकांच्या हातचा सुती जाळ्याचा शेवटचा तुकडा माझ्यामुळे वाया गेला होता, आणि तो कशामुळे गेला याबद्दल मी हर्षलाशी खोटं बोलले होते. काका होते तोवर कधीतरी सांगू म्हणत राहिले. आता ते नव्हते. निदान तिला तरी खरं सांगायचं, एवढं ठरवून मी तिच्या दाराची बेल वाजवली.

आम्ही शिकत होतो ते दिवस आठवले की पहिल्यांदा हात आठवतात. आमचे हात कधीच स्वच्छ नसायचे. नखांत निळीची कड, तळव्यावर मंजिष्ठेचा लालसर डाग, बोटांच्या टोकांना तार तापवताना बसलेले चटके. मुलुंडला आमच्या दोन खोल्यांच्या घरात मी कांद्याची सालं, डाळिंबाची सालं, हिरडे, चहाचा चोथा सगळं डब्यांतून भरून ठेवायचे. आई बँकेतून यायची आणि दारातूनच नाक मुरडायची. एकदा मी कुकरात सुती चिंधी आणि गंजके खिळे उकळले, तेव्हा मात्र तिचा पारा चढला. "वरण कशात लावू आता? की खिळ्यांचंच वरण खायचं सगळ्यांनी?" त्या कुकरला नंतर कितीही घासलं तरी काळसर झाक राहिली. बाबा तिच्याकडे बघून म्हणायचे, लोह वाढेल गं रक्तातलं, चांगलंच आहे.

हर्षलाच्या घरी अशी अडचण नव्हती. तिथे वासाचं कुणाला काही नव्हतंच. तिची आई बाजारात मासे विकायची, आणि उरलेल्या माशांचे खवले हर्षला गोळा करायची. धुवून, तुरटीच्या पाण्यात ठेवून, गच्चीवर वाळवून ती ते हळदीत नाहीतर बिटाच्या रसात रंगवायची आणि कापडावर टिकल्यांसारखे टाचायची. उन्हात ते कापड असं काही चमकायचं की बघत राहावं. परीक्षक बाईंनी ते हातात घेतलं, वा वा केलं, आणि मग हळूच हात रुमालाला पुसले. आम्ही दोघी तोंड दाबून हसलो होतो. ते कापड पुढे एका पावसाळ्यात किडलं आणि फेकून दिलं.

रविवारी आम्ही स्केचबुकं घेऊन हिंडायचो. कधी मार्व्याहून होडीने मनोरीला जायचो, कधी नुसत्या दांड्याच्या किनाऱ्यावर बसायचो. हर्षलाची रेघ एका दमात यायची. मी खोडरबर घेऊन बसणारी. ती मला म्हणायची, "ए, किती खोडशील? कागदाला भोक पडेल यार." मी खोडत राहायचे. ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेल्या गोळ्यांची नक्षी, उलटी घातलेली होडी, तिच्या आजीच्या कानातल्या जड सोन्याचे वळसे, सगळं आम्ही काढलं. ती स्केचबुकं कुठे गेली कुणास ठाऊक. माझी दोन तर घर बदलताना रद्दीतच गेली असणार.

आणि काका. पडवीत भिंतीला टेकून, पाय लांब करून, पायाच्या अंगठ्याला धागा अडकवून ते बसलेले असायचे. उजव्या हातात बांबूची चपटी सुई. सुई वर जायची, वळसा घ्यायची, खाली यायची, आणि गाठ आवळली की बारीक टक् असा आवाज व्हायचा. बोलणं चालू, विडी चालू, रस्त्यावरच्या माणसाला हाक मारणं चालू, आणि जाळं वाढत जायचं. मी त्यांच्या हातांचं चित्र काढायचा किती प्रयत्न केला, पण ते हात कधी थांबायचेच नाहीत.

"काका, न बघता कसं जमतं तुम्हाला?" मी एकदा विचारलं.

"हाताला म्हाईत असतं गो," ते म्हणाले. "डोल्याला नाय."

तेव्हासुद्धा सगळी जाळी कारखान्यातून यायची, नायलॉनची. काका फक्त फाटलेली सांधायचे. पण पहिल्या वर्षी हर्षलाला वहीत लावायला नमुने हवे होते, म्हणून त्यांनी कुठूनतरी जुना सुती धागा मिळवला, झाडाच्या सालीच्या काढ्यात बुडवून तांबूस केला आणि वीतभर रुंद, हातभर लांब तुकडा विणून दिला. त्यांच्या लहानपणी असलीच जाळी असायची म्हणे. तुकडा हातात देताना ते जे म्हणाले, ते माझ्यासमोरच म्हणाले.

"आमचे पोरीला चित्र येतं, गाठ येत नाय. माझी गाठ माझे संगती जायाची."

"मग शिकवा ना!" हर्षला उसळली. "कधी शिकवलीत मला?"

"जाली काय बायका विणतात? बाजार बघ तू आयशीचा."

ते हसत बोलले होते, पण हर्षलाला ते लागलं होतं. तिला भाऊ नव्हता. होडी आधीच विकलेली होती.

दुसऱ्या वर्षी दिवाळीनंतर काकांना अर्धांगवायूचा झटका आला. बोलणं सुधारलं, चालणंही काठीने जमू लागलं, उजवा हात मात्र लुळा राहिला. मी भेटायला गेले तेव्हा ते पडवीतच बसले होते, हात मांडीवर ठेवलेला. मला बघून नेहमीसारखं "जेवलीस का गो?" म्हणाले. त्यानंतर घरात कुठेही जाळं दिसलं की ते चिडायचे. एके दिवशी त्यांनी सगळी जुनी जाळी, सुया, दोरे, पेटीसकट शेजाऱ्यांना देऊन टाकले. राहिला तो हर्षलाच्या वहीतला तुकडा.

शेवटच्या वर्षी दागिन्यांचा प्रकल्प होता आणि आम्हाला तो जोडीने करायचा होता. तो तुकडा चांदीत ओतायचा, ही कल्पना माझी. आम्ही वाळलेली पानं, शेवग्याच्या शेंगा, कापसाची बोंडं असं काय काय ओतून बघितलं होतं. वस्तू पातळ मेणात बुडवायची, तिच्याभोवती प्लास्टर भरायचं आणि भट्टीत तापवायचं. मेण वाहून जातं, वस्तू जळून राख होते, आणि तिच्या जागी तिच्या आकाराची पोकळी राहते. त्या पोकळीत चांदी ओतली की पानाची शीर न् शीर उमटते. पण पान मात्र एकदाच मिळतं. ओतकाम फसलं तर पानही गेलं आणि चांदीचं पानही गेलं.

हर्षला आठ दिवस विचार करत होती. मग एका सकाळी तिने तुकडा कागदात गुंडाळून आणून दिला. खळ लावून ताठ केलेला, नीट ताणलेला. काकांना विचारलंय, म्हणाली. ते म्हणाले, तुझा हाय, काय करायचा ते कर. मग ती पुडी माझ्या हातात देताना ती दोनदा म्हणाली, "जाळायच्या आधी धागा तपास हं. सगळीकडून तपास."

"हो गं बाई," मी म्हटलं.

तिला आईबरोबर बाजारात जायचं होतं, म्हणून अंधेरीला मी एकटीच गेले. तिथे एका औद्योगिक वसाहतीत परबमामांचा ओतकामाचा गाळा होता. मूळचे मालवणकडचे, बारीक, कायम बनियनवर, भुवया भट्टीने भाजून निम्म्या झालेल्या. गाळ्यात मेणाचा, गॅसचा आणि प्लास्टरचा असा एक दमट वास असायचा, तो मला फार आवडायचा. चांदी म्हणून मी माझे लहानपणीचे पैंजण नेले होते. मामांनी तुकडा दिव्याखाली धरला, उलटा केला, सुलटा केला.

"धागो खंयचो ह्यो? सगळो सुती मा? जाळून बघलंस?"

मी हो म्हटलं.

मी बघितलं नव्हतं. तपासायचं तर कडेचा धागा कापायला हवा होता, आणि काकांच्या जाळ्याला कात्री लावायला माझा हात धजेना, असं मी स्वतःला कित्येक वर्षं सांगत आले. ते अगदीच खोटं नाही. पण त्याहून खरं हे की मला घाई होती आणि मला सगळं समजतं असं मला वाटत होतं. तांबूस, खरखरीत, काकांनी विणलेलं म्हणजे सुतीच असणार. कापड शिकणाऱ्या मुलीने करू नये ती एकच चूक असते, आणि ती मी शेवटच्या वर्षी केली.

दुसऱ्या दिवशी दुपारी मामांनी तापलेला साचा पाण्याच्या बादलीत सोडला. चर्र आवाज झाला, वाफ उठली, प्लास्टर ढेकळांसारखं सुटत गेलं आणि आतून जाळं वर आलं. निम्म्याहून अधिक भाग असा उतरला होता की धाग्याचा पीळसुद्धा दिसत होता. पण एका कोपऱ्यात चांदी धड शिरलीच नव्हती. तिथे काळी, कडक खरपुडी धरलेली होती, आणि तिच्यामुळे शेजारची वीण मोडून जाळं दोन ठिकाणी तुटलं होतं.

"हयसर नायलॉन होतां गो," मामा हळूच म्हणाले. ते रागावले नाहीत, त्यामुळे मला जास्तच लागलं. मग त्यांनी चिमट्याने तो कोपरा उचलून दाखवला. "पण ठेव ह्यां. फेकू नको. ह्यो बघ, हयसरल्यो पण तीन गाठी कश्यो बरोब्बर इल्यो."

मी ठेवलं नाही. ते जाळं ज्याने बघितलं असतं, त्याला कळलं असतं की मी तपासलं नव्हतं. मी मामांना ते सगळं पुन्हा वितळवायला सांगितलं. भट्टीकडे जाताना त्यांनी एकदाच वळून माझ्याकडे बघितलं. त्या चांदीची मी साधं जाड कडं केलं, आणि त्याला बरे गुण मिळाले. ते कडंही आता कुठे आहे, आठवत नाही.

हर्षलाला मी सांगितलं की मामांची भट्टी मध्येच बिघडली. सगळंच गेलं, काही राहिलं नाही. ती कॉलेजच्या जिन्यात उभी होती. तिने कठडा धरला आणि विचारलं, "सगळं?" मी सगळं म्हटलं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त "बरं" म्हणाली आणि खाली उतरून गेली. परबमामांच्या गाळ्याची पायरी ती पुन्हा चढली नाही, आणि त्या भल्या माणसावर मी आळ घेतला होता हे त्यांना कधी कळलं नाही. परीक्षा झाली, निरोप झाले. मी एका कंपनीत चादरींवरची नक्षी काढायला लागले, अजून तेच करते, आता कॉम्प्युटरवर. हर्षला शाळेत चित्रकला शिकवू लागली. वाढदिवसाला फोन, मग नुसता मेसेज, असं होत होत अठरा वर्षं गेली.

बेल वाजवल्यावर तिनेच दार उघडलं. केस पुष्कळ पिकलेत, रंगवत नाही. "अगं, तू?" म्हणाली आणि हाताला धरून आत घेतलं. भिंतीवर काकांचा फोटो होता, हसरा, टोपी घातलेला. तिने चहा टाकला. शेवटचे दिवस कसे गेले, आईला आता ऐकू कमी येतं, शाळेत पोरं कशी धुमाकूळ घालतात, हे सगळं सांगून झालं. कप रिकामे झाले. मग मी एका दमात सगळं सांगून टाकलं. तपासलं नव्हतं, भट्टी बिघडली नव्हती, एका कोपऱ्यात नायलॉन होतं, आणि जे चांगलं उतरलं होतं तेही मीच वितळवायला लावलं. आतून, खोटं कशाला बोलू, मला हलकं वाटायला लागलं होतं.

"काकांनी तो कोपरा कधी सांधला होता, मला कळलंच नाही," मी शेवटी म्हटलं.

हर्षला कपाकडे बघत होती. "बाबांनी नाही," ती म्हणाली. "मी."

"तू?" मी विचारलं.

"ते हॉस्पिटलात होते तेव्हा मांजराने तो कोपरा खाल्ला. माशांचा वास असणार ना वहीला. आता बाबांकडून नीट करून घ्यायची सोय नव्हती. मग त्यांचं एक जुनं जाळं घेतलं आणि एकेक गाठ उसवून बघत बसले. रोज. उसवायची, परत घालायची. महिनाभर लागला मला. घरात सुती धागा कुठला? नायलॉनच होतं. चहात उकळून रंग आणला."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"सगळीकडून तपास म्हटलं होतं ना तुला. तुला सापडेल, तू विचारशील, मग तुला सांगीन, असं होतं डोक्यात." ती जराशी हसली. "बाबांना तर आधी सांगायचंच नव्हतं. चांदीत गेल्यावर धागा कुठे कळणार? सगळी चांदीच. त्यांच्या मांडीवर ठेवणार होते आणि विचारणार होते, सांगा, तुमच्या कुठल्या आणि माझ्या कुठल्या."

बाहेर कुणीतरी पाण्याचा पंप चालू केला. आतल्या खोलीतून तिच्या आईने कोण आलंय म्हणून विचारलं, आणि हर्षलाने मोठ्याने माझं नाव सांगितलं.

"नंतर पुन्हा विणून दाखवायचं होतंस त्यांना," मी म्हटलं. म्हणताना वाटलं, हे म्हणायचा मला काय अधिकार.

"विणणार होते गं. पण घरात जाळं बघितलं की ते किती चिडायचे, तुला माहितीये ना. आणि तू म्हणालीस भट्टी बिघडली. म्हटलं नशिबातच नाही आपल्या. सोडूनच दिलं मग." तिने कप एकात एक ठेवले. "तू तेव्हा म्हणाली असतीस ना, नायलॉन होतं, तर सुती जाळ्यात ते कुठून आलं, हे मला त्यांना सांगावंच लागलं असतं. ओरडले असते. पण त्यांना कळलं असतं."

मी हलकी व्हायला आले होते, आणि माझं ओझं तिच्या पुढ्यात ठेवून बसले होते. सॉरी म्हटलं. तो शब्द त्या खोलीत फारच लहान वाटला. तिने मान हलवली, पण ती दुसराच काही विचार करत होती.

"माझी एक तरी गाठ आली होती का त्यात?"

"तीन," मी म्हटलं.

"कशा होत्या?"

मी डोळे मिटून आठवलं. मामांचा चिमटा, दिव्याचा उजेड, काळ्या खरपुडीच्या कडेला त्या तीन गाठी. काहीही वाढवून सांगायचं नाही असं ठरवलं, आणि वाढवायची गरजही नव्हती.

"घट्ट होत्या. एकसारख्या. मला त्या सगळ्या काकांच्याच वाटल्या. इतकी वर्षं वाटत होत्या, आत्ता तू सांगेपर्यंत."

पदर नव्हता, म्हणून हर्षलाने ओढणीच्या टोकाने डोळे पुसले, आणि भिंतीवरच्या फोटोकडे न बघता बोलली.

"हे बाबांनी म्हणायला हवं होतं."